पाटीवरचा तिरपा पट्टा

तुम्ही विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना माळ्यावर आजीची लाकडी चौकटीची पाटी सापडली. काळ्या पाटीवर बोटभर रुंदीचा एक फिकट राखाडी तिरपा पट्टा आहे. साबणाने धुतला, चिंचेने घासला, तरी जात नाही. त्याच खोलीत शहाबादी फरशी होती, ओट्याला कडप्पा होता. तिन्ही दगड तक्त्यांसारखे निघतात, मग तिन्ही एकाच जातीचे का? पुस्तकात पाटीचा दगड 'अल्प दर्जाच्या प्रादेशिक रूपांतरणातून' बनतो असं लिहिलंय. रूपांतरण म्हणजे उष्णतेने आणि दाबाने दगड न वितळता बदलणं, हे ठीक; पण हा अल्प दर्जा म्हणजे नेमकं काय? आणि इतक्या जुन्या दगडावर काय काय गुजरलं हे कळतं तरी कसं?

पहिली विनंती, पट्टा आता घासू नका. तो एका फार जुन्या समुद्राचा तळ आहे, कडेने दिसणारा. साबणाने जाईल कसा? चिंचेने घासलात ते मात्र नकळत एक चांगली परीक्षा झाली. ओट्यावरच्या कडप्प्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी तिथे पांढुरका, निस्तेज डाग पडलेला असतो. कारण कडप्पा हा चुनखडक आहे आणि आम्लाने तो झिजतो. पाटीला चिंचेने काही झालं नाही, कारण तिच्यात चुना जवळपास नाहीच. ती मुळात चिखलाची आहे.

आता तीन दगड. शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातली, भीमेच्या खोऱ्यातली. उथळ समुद्रात चुनखडीचा गाळ थरावर थर बसला, खालचा थर थोडा घट्ट झाल्यावर वरचा आला, मध्ये मातीचं बारीकसं पटल राहिलं. खाणीत पहार घातली की दगड त्या पटलावर सुटतो. कडप्पाही तसाच, आंध्रातल्या कडप्पा–कर्नूल भागातला, फक्त रंगाने काळा. दोघेही थरांवर फुटतात, म्हणजे वहीची पानं सुटावीत तसे. तुमची पाटी मात्र थरांवर फुटलेली नाही. ज्या सपाट पृष्ठभागावर आजीने अ आ इ गिरवलं असेल, तो गाळ साचताना अस्तित्वातच नव्हता. तो नंतर आला, गाळ दगड होऊन खोल गेल्यावर, बाजूने प्रचंड दाब आल्यावर. आणि तो आला तेव्हा जुन्या थरांना आडवातिडवा छेदून आला. तुमचा फिकट पट्टा म्हणजे त्या जुन्या थरांपैकी एक, बहुधा थोडा जास्त रेतीचा, पाटीच्या पृष्ठभागाने कापलेला. एकाच पाटीवर दोन काळ आहेत: पट्टा समुद्राचा, पृष्ठभाग पर्वताचा.

हा फरक माणसाला सहज दिसला नाही. इंग्लंडमधल्या अ‍ॅडम सेजविक यांनी १८३५ मध्ये वेल्सच्या पाटीच्या खडकांवर लिहिताना थर वेगळे आणि हे पापुद्रे वेगळे, असं ठामपणे मांडलं. पापुद्रे येतात कसे याचं चांगलं उत्तर १८५३ मध्ये हेन्री क्लिफ्टन सोर्बी यांनी दिलं. दगडाचा कागदासारखा पातळ छेद करून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, ही पद्धत रुजवणारे हेच गृहस्थ. त्यांना दिसलं की पाटीच्या दगडातले अभ्रकाचे कण एका दिशेत झोपलेले आहेत आणि ती दिशा दाबाला काटकोनात आहे. मराठीत या पापुद्रेपणाला पाटन म्हणतात. पुढे मी हाच शब्द वापरतो.

चिखल ते पाटी हा प्रवास असा होतो. समुद्रतळावरचा चिखल म्हणजे मुख्यतः चिकणमातीची खनिजं, बारीक क्वॉर्ट्झ, थोडा सेंद्रिय अंश आणि भरपूर पाणी. वर गाळ चढत गेला की पाणी पिळून निघतं आणि चिखलाचा शेल नावाचा मऊ, थरांचा दगड होतो. शेल हातात घ्या, त्यावर तोंडाची वाफ सोडा आणि लगेच हुंगा. पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. पाण्यात ठेवला तर बरेचदा मऊ पडतो. साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगणारी स्मेक्टाइट नावाची माती इलाइटमध्ये बदलू लागते. अजून खोल, दोनशे ते तीनशे अंशांच्या पट्ट्यात, इलाइटचे विस्कळीत पदर नीट जुळत जातात आणि त्यातून खरं पांढरं अभ्रक तयार होतं, सोबत हिरवट क्लोराइट. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढतं असं धरलं तर अडीचशे-तीनशे अंशांसाठी दहा किलोमीटरच्या आसपास खोली लागते. तिथे वरच्या दगडाचं ओझं दर चौरस सेंटिमीटरला अडीच टनांहून जास्त असतं.

पण नुसत्या ओझ्याने पाटी बनत नाही. ओझं सगळीकडून सारखं दाबतं. पाटनासाठी एका बाजूने जास्त दाब लागतो, म्हणजे दोन भूखंड एकमेकांकडे सरकत असावे लागतात. तेव्हा तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. अभ्रकाचे जुने कण दाबाला आडवे वळतात. नवे कण आडवेच वाढतात. आणि दाब सोसणाऱ्या बाजूंवरचा क्वॉर्ट्झ पाण्यात विरघळून निघून जातो. हा विरघळण्याचा भाग फार महत्त्वाचा आहे. विरघळलेला क्वॉर्ट्झ जवळच्या भेगांमध्ये पांढऱ्या शिरा होऊन बसतो. पाटीच्या खाणीत गारगोटीच्या ज्या शिरा सापडतात, ज्यांच्यामुळे खाणवाल्याचा चांगला दगड वाया जातो, त्या इथून येतात. चांगल्या पाटीच्या दगडात मूळ रुंदी दाबाच्या दिशेने निम्म्याहून कमी झालेली असू शकते. दगड न मोडता इतका चेपला गेलाय, हे हातात पाटी घेऊन जाणवत नाही.

म्हणूनच 'प्रादेशिक' हा शब्द. एखाद्या ग्रॅनाइटच्या शेजारी भाजून निघालेल्या दगडाची गोष्ट वेगळी, ती काही मीटर ते एक-दोन किलोमीटरपुरती. इथे शेकडो किलोमीटर लांबीचा पट्टा एकदम दबला जातो.

मुंबईकरांना हा फरक घराजवळ दाखवता येतो. मालाड–कांदिवलीच्या जुन्या खाणींतून हिरवट प्रेहनाइटचे सुंदर गोळे निघत. संग्राहक आजही ते जपून ठेवतात. प्रेहनाइट हे अल्प तापमानाच्या रूपांतरणात हमखास भेटणारं खनिज. पण आपल्या बेसाल्टमध्ये ते पोकळ्यांत गरम पाण्यातून वाढलं. बाजूने कोणी दाबलं नाही, म्हणून आपल्या काळ्या दगडात पाटन नाही आणि अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब आजही सरळ उभे आहेत. तापमान अल्प, दाब चोहोबाजूंनी सारखा: दगड बदलतो, पण पाटी होत नाही.

'अल्प दर्जा' या शब्दाने पुष्कळ विद्यार्थ्यांचा गैरसमज होतो. दर्जा म्हणजे गुणवत्ता नव्हे, तापमानाची पायरी. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये दाखवलं की एकाच मातकट खडकात पायरी वाढत गेली की ठरावीक खनिजं ठरावीक क्रमाने उगवतात. पुढच्या कामात तो क्रम क्लोराइट, मग काळं अभ्रक, मग गार्नेट असा पक्का झाला. पाटीचा दगड आणि त्याच्या पुढचा फायलाइट क्लोराइटच्या पायरीवर. फायलाइट ओळखायला भिंग नको, उन्हात फिरवला की रेशमी चमक सरकते. कण अजून डोळ्याला दिसत नाहीत, पण इतके वाढलेले असतात की प्रकाश एका दिशेने परततो. कण दिसू लागले की आपण शिस्टमध्ये आलो.

क्लोराइटच्याही खाली, जिथे शेल आणि पाटी यांच्यातली सीमाच धूसर असते, तिथे डोळे उपयोगाचे नाहीत. १९६०च्या दशकात बर्नार कुब्लर यांनी एक साधा उपाय रूढ केला. दगड बारीक करून त्यातली चिकणमाती वेगळी काढायची, तिच्यावर क्ष-किरण टाकायचे. इलाइटच्या पदरांमुळे आलेखावर एक टेकाड उमटतं. पदर विस्कळीत असतील तर टेकाड बसकं आणि रुंद, पदर नीट जुळलेले असतील तर उंच आणि अरुंद. टेकाडाची निम्म्या उंचीवरची रुंदी मोजायची. ती ०.४२ अंशांहून (हे अंश तापमानाचे नाहीत, क्ष-किरणांच्या कोनाचे) जास्त असेल तर दगड अजून गाळाच्याच राज्यात, ०.२५ हून कमी असेल तर खऱ्या रूपांतरणात, मधला पट्टा उंबरठ्याचा. मला ही पद्धत आवडते, कारण ती नमुन्याला फार काही विचारत नाही. दगडात गार्नेट नको, जीवाश्म नकोत, मूठभर चिखल पुरतो.

आता तुमच्या प्रश्नातली खरी मेख. दगड जुना म्हणून रूपांतरित, असं धरून चालणं ही सर्वात मोठी चूक. मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात विंध्य समूहाच्या खालच्या भागात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे, पोर्सेलनाइट म्हणतात. झिर्कॉन नावाच्या टिकाऊ खनिजाच्या कणांवरून त्याचं वय सुमारे १६३ कोटी वर्षं निघालं. आणि त्या भागातले पुष्कळ थर आजही आडवे पडून आहेत. लाटांच्या खुणा, सुकलेल्या चिखलाच्या भेगा काल झाल्यासारख्या दिसतात. उलट हिमालयात याच्यापेक्षा कितीतरी तरुण गाळाचे दगड पार ओळखू न येण्याइतके बदललेत. काळ दगडाला बदलत नाही. खोली, उष्णता आणि बाजूचा दाब बदलतात.

हे समजून घ्यायला मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या गाडीइतका चांगला वर्ग नाही. दिवसा खिडकीत बसा. कलबुर्गीपर्यंत आपला काळा बेसाल्ट. पुढे शहाबाद येतं, तिथे बेसाल्टच्या खालून भीमा खोऱ्याचा चुनखडक डोकं काढतो, आडवा, शांत. रायचूर ते गुंतकलच्या पट्ट्यात ग्रॅनाइटचे मोठाले गोटे, म्हणजे या सगळ्या गाळाखालचा मूळ पाया. गुत्ती ओलांडून ताडिपत्रीकडे गेलात की कडप्पा खोरं सुरू होतं, म्हणजे जुना गाळ साचलेला मोठा खोलगट भाग. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग यांनी १८७२ मध्ये या खोऱ्याचा पहिला मोठा वृत्तान्त लिहिला. त्यांची नावं आजही चालतात. नकाशावर हे खोरं चंद्रकोरीसारखं दिसतं, पोट पश्चिमेला, खुली बाजू पूर्वेला.

ताडिपत्रीच्या शेलमध्ये पुलिवेंदुलाजवळ खालून आलेल्या वितळलेल्या दगडाने शिरकाव केलाय. त्या शिरलेल्या दगडाचं वय जवळपास १८८.५ कोटी वर्षं आहे. द्रव शिरण्याआधी शेल तिथे असलाच पाहिजे, म्हणजे शेल त्याहून जुना. आणि तो कसा आहे? पूर्वेकडे हलकेच कललेला, थर ठळक, पाटन नाही. शेल तो शेलच राहिलाय.

आता नंद्याळहून गुंटूरकडे जाणारी गाडी धरा. ती नल्लमला डोंगर ओलांडते. पलीकडे गिद्दलूर, कंभम आणि मार्कापूर. कंभमच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मातकट गाळातला दगड पाटीचा आहे, आणि मार्कापूर तर पाट्यांसाठीच नावाजलेलं. सर्वसाधारण थरक्रमात हा गाळ ताडिपत्रीच्या शेलच्या वर येतो, म्हणजे त्याहून तरुण. तरीही रूपांतरित झाला तो हा, ताडिपत्रीचा नाही. वयाने ठरत असतं तर नेमकं उलट व्हायला हवं होतं.

कारण पूर्वेला आहे. चंद्रकोरीच्या पूर्व कडेला नेल्लोरचा शिस्टचा पट्टा आणि त्यापलीकडे पूर्व घाटाचे खूप खोलातून वर आलेले दगड आहेत. ते पश्चिमेकडे रेटले गेले आणि त्यांनी कडप्पा खोऱ्याची पूर्व बाजू चेपत नेली. नल्लमलातल्या घड्या पूर्वेकडे जास्त आवळत जातात, घडीला मधोमध दुभागणारी त्यांची मध्यप्रतलं पूर्वेकडे कललेली असतात, पाटनही पूर्वेकडे कलतं. सतरंजी एका टोकाने ढकलली की त्या टोकाला वळ्या दाट पडतात आणि दूर जाता जाता विरतात, अगदी तसं. पश्चिमेला ताडिपत्रीपर्यंत तो धक्का पोचलाच नाही. खोऱ्याचा दर्जाचा नकाशा हाच त्या धक्क्याचा नकाशा आहे. गाळाचा काळही थोडा बांधता येतो. नंद्याळच्या पुढे चेलिमा इथे या गाळात शिरलेला लॅम्प्रोइट नावाचा दगड सुमारे १४० कोटी वर्षांचा आहे, म्हणजे गाळ त्याआधी साचलेला होता.

दगडाच्या तुकड्यावरून घडीत आपण कुठे आहोत हे ओळखायची युक्ती विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो. थर आणि पाटन एकाच दिशेला कललेत, पण पाटन थरांपेक्षा जास्त उभं आहे, तर थर सुलटे, जसे साचले तसे. थर पाटनापेक्षा जास्त उभे असतील तर तो भाग उलटलाय, तरुण थर खाली गेलेत. दोघांत काटकोन असेल तर आपण घडीच्या वळणावर उभे आहोत. एका हातात मावणाऱ्या दगडावरून किलोमीटरभर मोठ्या घडीचा आकार कळतो, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. मात्र हा नियम पहिल्याच घडीला लागू. दगड दोनदा दबला असेल तर तो फसवतो, म्हणून सोबत तिरके थर किंवा कणांची वर बारीक होत जाणारी रास शोधून ताळा घ्यायचाच. रेतीच्या थरात पाटन शिरताना दिशा बदलतं, पाण्यात काठी वाकडी दिसावी तसं. तेही लक्षात ठेवावं.

यातच मी एकदा मोठी चूक केली. विद्यार्थी असताना उदयपूरजवळ अरवली समूहाच्या फायलाइटचा नकाशा करत होतो. चार दिवस मी जे सपाट, चमकदार पृष्ठभाग मोजले ते थर समजून मोजले. कोन सगळीकडे सारखे, मला वाटलं काम किती स्वच्छ जमतंय. त्या कोनांवरून मी त्या खडकसमूहाची जाडी काढली आणि ती अवाढव्य आली. पाचव्या दिवशी आमचे सर आले. काही न बोलता त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि माझ्या 'थरा'च्या कडेवर पाणी ओतलं. कोरडा दगड एकसारखा करडा दिसत होता. ओला होताच कडेवर फिकट-गडद रेषा उमटल्या, माझ्या पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात. चार दिवस मी पाटन मोजत होतो. थर एका घडीत खालीवर होत होते आणि तोच थर मी तीनदा मोजून जाडीत धरला होता. सगळा नकाशा पुन्हा केला. तेव्हापासून माझ्या पिशवीत पाण्याची छोटी फवारणी असते आणि मी कोणालाही कोरड्या दगडावर विश्वास ठेवू देत नाही.

त्याच डोंगरात नंतर दिसलं की पाटनाच्या चमकदार पृष्ठभागावर बारीक बारीक चुण्या आहेत, साडीच्या निऱ्यांसारख्या, एकाला एक लागून. त्या चुण्या म्हणजे दुसरा दाब. पहिल्याने पाटन आणलं, दुसऱ्याने ते चुणलं. घटनाक्रम लावायला वय मोजायचं यंत्र लागलं नाही. जे चुणलं गेलं ते आधीचं.

तुमच्या पाटीवर हीच गोष्ट घरबसल्या मोजता येईल. पट्टा पुढच्या बाजूला आहे, तसा मागच्या बाजूलाही असेल. पाटी ओली करा. चौकट काढता आली तर उत्तम, नाही तर पाटीच्या कडेपासून अंतरं मोजा. पुढचा पट्टा आणि मागचा पट्टा नेमके एकमेकांच्या मागे आहेत, की सरकलेत? हे सरकणं पट्ट्याला काटकोनात मोजायचं. पाटीची जाडी भागिले हे सरकणं, म्हणजे थर आणि पाटन यांच्यातल्या कोनाचा टॅन्जंट. समजा जाडी ४ मिलिमीटर आणि पट्टा ४ मिलिमीटर सरकला, तर कोन ४५ अंश. ७ मिलिमीटर सरकला तर ३० अंशांच्या जवळ. काहीच सरकला नाही तर काटकोन, आणि तुमच्या आजीची पाटी बहुधा एखाद्या घडीच्या वळणातून कापलेली आहे. एक गोष्ट मात्र या पाटीतून आता मिळणार नाही. घडीचा अक्ष कोणत्या दिशेला होता हे पट्ट्याची रेषा सांगू शकते, पण त्यासाठी दगड खाणीत कसा पडला होता ते ठाऊक हवं. खाणीतून निघाला तेव्हाच ती दिशा हरवली. म्हणून आम्ही नमुना फोडण्याआधी त्यावर उत्तरेचा बाण आणि वरची बाजू रंगवतो. घाईत हे राहून गेलेले किती तरी सुंदर नमुने कपाटांत मुके पडलेले मी पाहिलेत.

काळ मोजायचा तर दोन घड्याळं आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. गाळासोबत वाहून आलेला झिर्कॉन पाटीच्या तापमानाला ढळत नाही. त्यातल्या सर्वात तरुण कणाचं वय सांगतं की गाळ त्यानंतर साचला. दुसरं घड्याळ नव्या वाढलेल्या अभ्रकातलं, पोटॅशियम–आर्गॉनचं, म्हणजे पोटॅशियमचा थोडा अंश हळूहळू आर्गॉन वायू होतो त्यावर चालणारं. ते पाटन केव्हा आलं हे सांगू शकतं. अडचण अशी की अल्प दर्जाच्या दगडात नव्या अभ्रकासोबत नदीने आणलेलं जुनं अभ्रकही टिकून असतं. सगळा दगड एकत्र मोजला की दोन्हींच्या मधलंच वय येतं, ज्या काळी काहीच घडलं नव्हतं. उपाय म्हणजे दोन मायक्रॉनहून बारीक कण वेगळे काढायचे, कारण नवी वाढ त्यात एकवटलेली असते. पाटीच्या दगडाचं एखादं वय वाचलंत तर कोणत्या आकाराचे कण मोजले ते आधी पाहा.

हा दर्जा मला इतका प्रिय का, तेही सांगतो. जास्त तापलेल्या दगडात पर्वताची कथा ठळक असते, पण समुद्र पुसला गेलेला असतो. न तापलेल्या दगडात समुद्र असतो, पर्वत नसतो. अल्प दर्जात दोन्ही वाचता येतात. उदयपूरजवळ झामरकोटडा इथे अरवलीच्या डोलोमाइटमध्ये, म्हणजे चुनखडकाच्या भावकीतल्या दगडात, स्ट्रोमॅटोलाइट आहेत, म्हणजे उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांच्या पटलांनी थरावर थर चढवून उभारलेले खांब आणि घुमट. त्यात फॉस्फेट साठलंय. १९६८ मध्ये हा साठा सापडला आणि आपल्या खतांसाठी तिथे मोठी खाण झाली. आजूबाजूचा खडक दबलाय, चुणलाय, फायलाइट झालाय, आणि तरीही ते घुमट जागेवर आहेत. दर्जा दोन पायऱ्यांनी वर गेला असता तर डोलोमाइटचे कण पुन्हा वाढून हे सारं नाहीसं झालं असतं.

मुंबईहून जवळ कुठे बघायला मिळेल, हेही विचारण्याआधी सांगतो. चांपानेर–जांबुघोडा. रात्रीच्या गाडीने वडोदरा, तिथून हालोल, मग शिवराजपूरच्या जुन्या मॅंगनीज खाणींच्या बाजूला. तिथे फायलाइट, क्वॉर्टझाइट (रेतीचा कडक झालेला दगड) आणि गोट्यांचा खडक, सगळे घडी पडलेले. शेजारी पावागड, तो मात्र आपल्याकडच्यासारखाच लाव्हाचा. दाबला गेलेला जुना गाळ आणि न दाबला गेलेला तरुण लाव्हा एका दिवसात पाहता येतात. पूर्वेकडे सरकलात तर गोध्र्याचा ग्रॅनाइट त्याच फायलाइटला भाजतो आणि त्यात ठिपके उठतात. हे दुसऱ्या प्रकारचं रूपांतरण, पाटन आल्यानंतरचं. विदर्भात नातेवाईक असतील तर भंडारा–गोंदियाकडचा साकोली समूह पाहा, तिथेही फायलाइट. गोव्यात गेलात तर किनाऱ्यावरच्या ग्रेवॅक (मातकट वाळूचा दगड) आणि फायलाइटकडे थोडा वेळ द्या.

जाताना हातोडी नसली तरी चालेल, पण पाण्याची बाटली, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि चुंबकसूची असलेला फोन घ्या. दगड दोन बोटांत लटकवून दुसऱ्या दगडाने वाजवा. शेल भदभद वाजतो, पाटीचा दगड खणखणतो. पाट्या फोडणारे कारागीर हाच आवाज ऐकून ठोकळा निवडतात. आत केसाएवढी चीर असली तरी आवाज बसतो.

पाटीची जाडी चार ठिकाणी मोजा, पट्टा किती सरकला ते मिलिमीटरमध्ये लिहा आणि दोन्ही बाजूंचे ओले असतानाचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. ते आकडे पाठवलेत तर कोन आपण मिळून काढू. आणि चौकट काढणार असाल तर खिळे हळू उचका. पाटी कडेनेच आधी फुटते, आणि ती फुटेल तेव्हा पाटनावरच फुटेल.